भिंत आणि सावली

लेखमाला : कागदावरून पडद्यावर
लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण पेन्सिलचं चित्र स्कॅन करून घेतलं. ए-४ कागद, ३०० डीपीआय, ग्रेस्केल मोड. म्हणजे आता आपल्याकडे साधारण २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलची फाइल आहे. आता रंग.

बहुतेकांचा हात इथे आधी पेंट बकेटकडे जातो. निळा रंग घेऊन चित्रातल्या मुलाच्या सदऱ्यावर क्लिक करावं, तर सदऱ्यासोबत हात, आभाळ आणि कागदाचा समासही निळा होतो. टॉलरन्स कमी केला, तर रंग सदऱ्यात राहतो खरा, पण रेषेच्या आतल्या बाजूने एक पांढुरकी किनार सुटते. वाढवला, तर रंग रेषाच गिळून टाकतो. मग माणूस कंटाळून अख्खं चित्र काळ्या शाईने पुन्हा गिरवायला बसतो आणि पेन्सिलचा सगळा हळुवारपणा तिथेच संपतो.

असं होण्याचं कारण साधं आहे. एकाच रेषेकडून आपण दोन कामं मागत असतो. रंगाला अडवायचं, हे पहिलं काम. तिथे रेष भिंत असते. खालच्या रंगाला गडद करायचं, हे दुसरं. तिथे ती सावली असते. पेन्सिलची रेष भिंत म्हणून कच्ची आणि सावली म्हणून अव्वल. म्हणून दोन कामांसाठी तिच्या दोन प्रती करायच्या. या लेखांकात जे काही सांगणार आहे, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

रेष संगणकाला कशी दिसते

ग्रेस्केल फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेल म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. शाईची रेष या आकड्यांत उभ्या कड्यासारखी दिसते: एक-दोन पिक्सेलच्या आत कागदाच्या पांढऱ्यावरून थेट काळ्यावर. पेन्सिलचं तसं नसतं. ग्राफाइट कागदाच्या उंच कणांवर बसतं आणि मधल्या खळग्यांत कागद उघडा राहतो. ३०० डीपीआयला एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ १२ पिक्सेल मावतात. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरची रेष साधारण सहा पिक्सेल रुंद, आणि त्या सहांत काळ्याचा पत्ता नाही. राखाडीच्या चढउताराच्या छटा, मध्येच एखादा पांढरा ठिपका.

बकेटला या छटांमधून कुठेतरी थांबायचं असतं. टॉलरन्सचा आकडा तेवढंच सांगतो: क्लिक केलेल्या पिक्सेलपेक्षा इतका फरक पडला की थांब. थांबायची जागा अलीकडे ठरली, की रेषेची फिकट कड रंगाविना राहते. तीच ती पांढुरकी किनार. पलीकडे ठरली, की एखाद्या उघड्या खळग्यातून रंग बाहेर सांडतो. मधला आकडा एका रेषेला चालला, तरी शेजारच्या रेषेला चालेलच असं नाही, कारण हाताचा दाब सगळीकडे सारखा नसतो.

आधी कागद साफ

प्रती करण्याआधी मूळ स्कॅन नीट करावं लागतं. लेव्हल्सची खिडकी उघडा. हिस्टोग्रामच्या उजव्या टोकाजवळ उंच डोंगर दिसेल, तो कागद. डावीकडे पसरलेला बुटका पट्टा म्हणजे पेन्सिल. पांढऱ्याचा स्लायडर कागदाच्या डोंगराच्या डाव्या पायथ्याकडे सरकवत न्या. कागद पांढरा होईल. मात्र फिकट शेडिंग त्याच पायथ्याशी असतं, तेव्हा गाल, ढग, कपड्यांच्या चुण्या यांवर नजर ठेवूनच सरकवा. काळ्याचा स्लायडर थोडाच हलवा. रेष ठसठशीत दिसावी म्हणून तो आत ओढण्याचा मोह होतो. तसं केलं की छटा एकमेकींत मिसळतात आणि पेन्सिल कोळशासारखी दिसू लागते. उरलेले बोटांचे डाग आणि खोडरबराचा कचरा पांढऱ्या ब्रशने हाताने पुसावा.

स्कॅनर नसेल आणि फोनने फोटो काढला असेल, तर अडचण वेगळी येते. खिडकीजवळच्या कोपऱ्यातला कागद २३० असतो आणि लांबच्या कोपऱ्यातला १६०. अशा फोटोवर लेव्हल्स चालत नाहीत, कारण इकडच्या शेडिंगपेक्षा तिकडचा कोरा कागद जास्त काळा असतो. त्यावर उपाय असा: लेयरची प्रत काढून तिच्यावर मोठ्या त्रिज्येचा गॉशियन ब्लर द्या, इतका की रेषा दिसेनाशा होऊन फक्त उजेड-अंधाराचे ढग उरतील. ही प्रत वर ठेवून तिचा मोड डिव्हाइड करा. प्रत्येक पिक्सेल त्याच्या आसपासच्या उजेडाने भागला जातो आणि सगळा कागद एकसारखा पांढरा होतो. मोठे गडद भरीव भाग असलेल्या चित्रात मात्र जपून, कारण ब्लरमध्ये तो काळोखही उतरतो आणि भागाकारानंतर तो भाग मधोमध फिका पडतो.

आणखी एक जुनी युक्ती निळ्या पेन्सिलची. पूर्वी छपाईसाठी चित्राचा फोटो काढत, तेव्हा त्या फिल्मला फिकट निळा जवळजवळ दिसतच नसे. म्हणून चित्रकार कच्चा आराखडा फिकट निळ्यात करत आणि त्यावर पक्की रेष काढत. आज हेच काम चॅनल करतात. असं चित्र रंगीत मोडमध्ये स्कॅन करा आणि तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहा. लाल चॅनलमध्ये निळ्या रेषा गडद दिसतील. निळ्या चॅनलमध्ये त्या जवळपास नाहीशा झालेल्या असतील आणि ग्राफाइट जागच्या जागी असेल. निळा चॅनल तेवढा ठेवायचा. खोडरबराला हात न लावता आराखडा गेला.

सावलीची प्रत

साफ केलेला लेयर सगळ्यात वर ठेवा आणि मोड मल्टिप्लाय करा. रंग त्याच्या खालच्या लेयरवर भरायचा. फोटोशॉपच्या नेहमीच्या फाइलमध्ये याचं गणित सरळ आहे: वरचा आकडा गुणिले खालचा आकडा, भागिले २५५. समजा खाली हळदी पिवळा आहे: लाल २४०, हिरवा १९०, निळा ६०. वर कोरा कागद असेल, म्हणजे २५५, तर पिवळा जसाच्या तसा राहतो. वर १२८ ची राखाडी रेष असेल, तर तिथे १२०, ९५, ३० होतात. म्हणजे त्याच पिवळ्याची अर्धी उजळ छटा. रेषेतल्या प्रत्येक खळग्यातून रंग ज्याच्या त्याच्या मापाने दिसतो. पेन्सिलचा पोत राहतो आणि पांढरी किनारही दिसत नाही, कारण रंग रेषेच्या खालपर्यंत गेलेला असतो. कागद का साफ करायचा, तेही याच गणितात कळतं. कागद २३५ वर राहिला, तर तोच पिवळा २२१, १७५, ५५ होतो. सगळ्या चित्रावर धुळीचा थर बसल्यासारखं दिसतं आणि आपण विनाकारण रंग बदलत बसतो.

रेष वर आणि रंग खाली, ही रचना संगणकाने शोधलेली नाही. ॲनिमेशनच्या पारदर्शक सेलवर रेष पुढच्या बाजूने असे आणि रंग मागच्या बाजूने भरत. डिस्नेच्या स्टुडिओत आधी शाईकाम करणारे कलाकार ॲनिमेटरची पेन्सिल सेलवर शाईने गिरवत. अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचं तंत्र या कामासाठी बसवलं आणि पेन्सिलच्या रेषा थेट सेलवर उमटू लागल्या. १९६१ चा ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशन्स’ हा त्या पद्धतीचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. त्यातल्या खरखरीत रेषा ही ॲनिमेटरच्या हाताची खूण होती. वॉल्ट डिस्ने यांना मात्र सुरुवातीला ते रूप रुचलं नव्हतं. पुढे डिस्नेने पिक्सारसोबत कॅप्स ही संगणकप्रणाली उभी केली. तिच्यात पेन्सिलची चित्रं स्कॅन करून पडद्यावरच रंगवत. १९९० चा ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’ हा अशा रीतीने पूर्ण झालेला पहिला चित्रपट. आपण घरच्या संगणकावर जे करतो आहोत, त्याची वंशावळ ही अशी आहे.

मल्टिप्लायला एक मर्यादा आहे. राखाडी रेष तिन्ही रंगांना सारख्याच प्रमाणात कमी करते, पण खऱ्या सावलीत रंगाची जातही थोडी बदलते. त्यामुळे चेहऱ्यावरचं शेडिंग काजळी लागल्यासारखं दिसतं. यावर उपाय म्हणजे रेषेलाच रंग देणं. गिम्पमध्ये ‘कलर टू अल्फा’ने पांढरा काढून टाका; मागे पारदर्शक लेयरवर फक्त ग्राफाइट उरतं. मग त्या लेयरची पारदर्शकता लॉक करून त्वचेच्या भागातल्या रेषांवर गडद तपकिरी, पानांवर काळपट हिरवा, आभाळाच्या कडेला जांभळट ब्रश फिरवा. रेषांची जाडी आणि पोत तसाच राहतो. बदलतो फक्त रंग.

भिंतीची प्रत

आता दुसरं काम. साफ केलेल्या लेयरची आणखी एक प्रत काढा. इथे दयामाया नको. थ्रेशोल्डने ती निव्वळ काळी-पांढरी करा आणि जिथे रेष तुटली आहे, तिथे दोन-तीन पिक्सेलच्या टणक ब्रशने सांधा. शेडिंगचे ठिपके पुसून टाका. सीमा तेवढ्या राहू द्या. ही प्रत कुरूप दिसेल, दिसू द्या. शेवटी ती लपवायचीच आहे. या प्रतीवर मॅजिक वाँडने सदऱ्याचा भाग निवडा, सिलेक्शन दोन-तीन पिक्सेलने वाढवा आणि खालच्या रंगाच्या लेयरवर जाऊन रंग ओता. वाढवलेल्या सिलेक्शनमुळे रंग रेषेच्या खाली सरकतो. असे सपाट रंग भरताना अँटी-अलियास बंद ठेवा, म्हणजे नंतर रंग बदलायचा झाला तर एका क्लिकमध्ये संपूर्ण भाग हाती येतो.

फटी हाताने सांधायचा कंटाळा असेल, तर आता सॉफ्टवेअर मदत करतं. २०१९ साली आलेल्या गिम्प २.१०.१० पासून बकेटमध्ये रेषा ओळखून भरण्याचा पर्याय आहे. तो रेषांची सुटी टोकं शोधतो, जवळची टोकं मनातल्या मनात जोडतो आणि मग रंग ओततो. किती लांबीची फट बुजवायची, ते आपण ठरवायचं. क्रितामधला कलराइझ मास्क वेगळ्या वाटेने जातो. त्यामागची लेझीब्रश ही पद्धत सिकोरा, डिंग्लियाना आणि कॉलिन्स यांनी २००९ मध्ये मांडली. तिच्यात तुम्ही प्रत्येक भागात रंगाचा एक ओबडधोबड फराटा मारता. दोन रंगांची हद्द कुठून न्यायची याचा हिशेब संगणक करतो: गडद पिक्सेलमधून हद्द नेणं स्वस्त, कोऱ्या कागदातून नेणं महाग. सगळ्यात स्वस्त वाट आपोआप रेषेवरून जाते आणि मध्ये फट आली तर ती सरळ ओलांडते. इथे रेष पूर्ण बंद असण्याची अटच नाही, म्हणून पेन्सिलच्या चित्राला ही पद्धत विशेष मानवते.

दोन प्रतींचं हे तत्त्व मोठ्या स्टुडिओंनाही टळलेलं नाही. जपानच्या स्टुडिओ जिब्लीचा ‘माय नेबर्स द यामादाज’ हा १९९९ चा चित्रपट त्यांचा पहिला पूर्ण डिजिटल रंगाचा. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांना त्यात अर्धवट सोडलेल्या रेषा आणि जलरंगासारखा विरणारा रंग हवा होता. त्यासाठी एकेका चित्रामागे तीन रेखाटनं करावी लागली: दिसणारी रेष, रंगाची हद्द आणि मास्क. तीच वाट पुढे २०१३ च्या ‘द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया’पर्यंत पोहोचली.

रंग निवडताना

मल्टिप्लाय फक्त गडद करू शकतो, उजळ कधीच नाही. म्हणून खालचे रंग आपल्याला हवेत त्यापेक्षा एक पायरी उजळ आणि एक पायरी तजेलदार घ्या. शेडिंग पेन्सिलनेच झालं असेल, तर रंगात पुन्हा सावल्या घालू नका. दुहेरी सावलीने चित्र मळकट होतं. डोळ्यातला प्रकाशबिंदू किंवा पितळी भांड्यावरची चमक पेन्सिलच्या लेयरच्या वर, साध्या नॉर्मल मोडच्या वेगळ्या लेयरवर द्यावी. खाली दिली तर वरचं ग्राफाइट ती झाकोळून टाकतं.

या आठवड्याचा सराव

एकाच चित्राच्या दोन फाइली करा. पहिलीत मूळ स्कॅनवर थेट बकेट वापरा. दुसरीत वर सांगितल्याप्रमाणे सावलीची आणि भिंतीची प्रत वेगळी ठेवा. दोन्ही २०० टक्के मोठ्या करून एखाद्या कोपराची किंवा हनुवटीची कड शेजारी-शेजारी पाहा. फाइल लेयरसकट जपून ठेवा. जेपेगमध्ये लेयर टिकत नाहीत, शिवाय पेन्सिलच्या बारीक कणांभोवती चौकोनी डाग येतात.

पुढच्या लेखांकात हेच चित्र छापखान्यात पाठवू. पडद्यावर देखणी दिसणारी राखाडी रेष चार शाईंत विभागली गेली, की जुळणी जराशी चुकली तरी तिच्या कडेला रंगीत झालर दिसते. ती टाळण्यासाठी सावलीची प्रत एकट्या काळ्या शाईत कशी ठेवायची, ते तेव्हा पाहू.