टाकीत किती तास उरले?

मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला एक उंच, पांढरी, उभी टाकी असते आणि तिच्या शेजारी पंख्यासारख्या पट्ट्या लावलेल्या नळ्यांची एक चौकट. भर वैशाखात, दुपारी दोन वाजता, पायाखालची जमीन पोळत असतानाही त्या नळ्यांवर पांढराशुभ्र बर्फ साचलेला दिसतो. ही टाकी द्रवरूप ऑक्सिजनची असते. बर्फ मात्र ऑक्सिजनचा नव्हे, तो हवेतल्या बाष्पाचा!

रुग्णालयाला लागणाऱ्या मालाची यादी लांबलचक असते. कापूस, पट्ट्या, सलाइन, सुया, हातमोजे, औषधे. यांतली एखादी वस्तू संपली तर ती शेजारच्या रुग्णालयातून उसनी आणता येते, किंवा दुसऱ्या वस्तूवर भागवता येते. ऑक्सिजनचे तसे नाही. ज्याची फुप्फुसे नीट काम करीत नाहीत अशा रुग्णाला तो काही मिनिटे जरी मिळाला नाही तरी जीव जाऊ शकतो. शिवाय हा माल डोळ्यांना दिसत नाही आणि मापात ओतून मोजता येत नाही. मग तो किती उरला आहे, हे कळायचे कसे? आणि नवा कधी मागवायचा?

आधी साधा सिलिंडर घेऊ. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ४७ लिटर पाणी मावेल. त्यात ऑक्सिजन भरतात तो हवेच्या दाबाच्या सुमारे १५० पट दाबाखाली. बॉइलचा नियम तुम्ही शिकला आहात. दाब १५० पट, म्हणजे बाहेर सोडल्यावर घनफळही जवळजवळ १५० पट. ४७ गुणिले १५०, म्हणजे ढोबळमानाने ७,००० लिटर वायू. एखाद्या रुग्णाला मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन लागत असेल, तर हा सिलिंडर ७०० मिनिटे पुरेल. पावणेबारा तासही नाहीत! म्हणजे एका रुग्णामागे दिवसाला दोन सिलिंडर हवेत.

सिलिंडरच्या तोंडाशी दाबमापक असतो. त्याचा काटा १५० वरून ७५ वर आला, की निम्मा वायू उरला असे समजावे. किती सोपे! पण हे सोपेपण ऑक्सिजनपुरतेच, हे ध्यानात ठेवा. शस्त्रक्रियेत भुलीसाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. त्याचा द्रव जोपर्यंत शिल्लक आहे तोपर्यंत, तापमान तेच राहिल्यास, दाब जवळजवळ तोच राहतो आणि द्रव संपल्यावर काटा भराभर खाली येतो. काट्यावर विसंबणारा फसलाच. म्हणून हा सिलिंडर वजन करून पाहावा लागतो. तुमच्या घरी येणारा स्वयंपाकाचा गॅसही द्रवरूपच असतो. तो आणणारा माणूस सिलिंडर ताणकाट्याला लटकावून वजन दाखवतो, दाब दाखवत नाही, याचे कारणही हेच.

दाबमापकाने एक गोष्ट मात्र सांगितली नाही. काटा ५० वर आहे, म्हणजे २,३०० लिटरांच्या आसपास ऑक्सिजन उरला. तो किती वेळ पुरेल? मिनिटाला ५ लिटर घेणाऱ्या रुग्णाला साडेसात तासांहून अधिक. नाकावाटे जोराचा प्रवाह देणारे यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन घेते. त्याला ४० मिनिटेही नाहीत. काटा तोच, सिलिंडरही तोच! माझ्या मते भांडाराच्या नोंदवहीत 'शिल्लक सिलिंडर' या रकान्याशेजारी 'शिल्लक तास' असा रकाना असलाच पाहिजे. त्याला एक भागाकार पुरतो.

आता टाकीकडे वळू. सात हजार लिटर ऑक्सिजनचे वजन असते नऊ-दहा किलो, आणि तो ज्यात भरतात त्या पोलादी सिलिंडरचेच वजन पन्नास किलोंच्या घरात. शेंगदाण्यापेक्षा टरफल जड! शंभर रुग्ण असतील तर रोज दोनशे सिलिंडर उतरवायचे, जोडायचे आणि रिकामे परत पाठवायचे. हे काम माणसांच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून ऑक्सिजन द्रवरूपात आणतात. नुसता दाब वाढवून मात्र तो द्रव होत नाही. उणे ११८ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबा, तो वायूच राहतो. साध्या वातावरणीय दाबाखाली तो उणे १८३ अंशांना उकळतो. हा फिकट निळा द्रव १ लिटर घेतला तर त्यापासून सुमारे ८६० लिटर वायू मिळतो. म्हणजे मोठ्या सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन द्रव केला तर जेमतेम आठ लिटर, एका लहान बादलीत मावेल एवढा.

असा द्रव साठवायची टाकी म्हणजे एक प्रचंड थर्मास. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली दुहेरी भिंतींची निर्वात बाटली तयार केली, तीच ही कल्पना. आतल्या आणि बाहेरच्या भिंतींमधली हवा काढून घेतात आणि त्या पोकळीत पर्लाइट नावाची हलकी भुकटी भरतात. तरीही थोडी उष्णता आत शिरतेच आणि थोडा द्रव सतत उकळतो. तयार झालेल्या वायूला वाट हवी, नाहीतर दाब वाढत जाईल. म्हणून टाकीला सुरक्षा झडप असते. ऑक्सिजन वापरलाच नाही तर दाब वाढतो, झडप उघडते आणि तो हळूहळू हवेत जातो. धान्याच्या कोठारासारखा हा माल वर्षभर कोंडून ठेवता येत नाही.

त्या बर्फाळ नळ्यांचे काम टाकीच्या नेमके उलट. टाकी उष्णतेला अडवते, तर नळ्या बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून घेतात आणि द्रवाचा वायू करतात. बर्फाचा थर फार जाड झाला की उष्णता आत शिरेनाशी होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी अशा नळ्यांचे दोन संच ठेवून ते आळीपाळीने वापरतात.

टाकीत द्रव किती आहे हे बाहेरून कसे समजते? येथे तुमचे जुनेच सूत्र उपयोगी पडते. द्रवस्तंभाचा दाब म्हणजे उंची, घनता आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. टाकीच्या तळाचा दाब आणि वरच्या वायूचा दाब या दोहोंतील फरक मोजतात. द्रव ऑक्सिजनची घनता पाण्याच्या १.१४ पट असल्याने एक मीटर द्रवामुळे सुमारे ११,२०० पास्कल इतका फरक पडतो.

माल उतरवून घेतानाची शिस्तही समजून घेण्यासारखी आहे. टँकरचे वजन आधी व नंतर करून किती द्रव मिळाला ते ठरवतात. टँकर उभा करायची जागा काँक्रीटची असते, डांबराची नव्हे, कारण सांडलेला द्रव ऑक्सिजन डांबरात मुरला तर ते मिश्रण धक्क्यानेसुद्धा स्फोट पावू शकते. जोडाला तेल किंवा ग्रीस लावायला सक्त मनाई. सिलिंडर घेताना त्यावरील चाचणीची तारीख पाहतात आणि भरलेले व रिकामे वेगळे ठेवतात. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण घाईच्या वेळी रिकामा सिलिंडर जोडला गेला तर काय होईल?

आता मूळ प्रश्न. मागणी केव्हा नोंदवायची? समजा, टाकी ६,००० लिटरची आहे आणि ५० रुग्ण प्रत्येकी मिनिटाला १० लिटर ऑक्सिजन घेत आहेत. रोजचा खर्च ७ लाख २० हजार लिटर वायू. टँकर यायला दोन दिवस लागतात, आणि एक दिवसाचा साठा हाताशी राखायचा आहे. म्हणजे तीन दिवसांचा ऑक्सिजन उरला की मागणी जायला हवी. हिशेब केला तर ही रेघ सुमारे २,५०० लिटर द्रवापाशी येते. टाकीवर तेथे रंगाने खूण केली की झाले, असे वाटेल.

२०२१ च्या एप्रिलमध्ये अशा खुणा निरुपयोगी ठरल्या. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रोजचा खर्च वाढला आणि त्याच वेळी टँकर यायला लागणारा काळही लांबला. समजा, खर्च तिप्पट झाला आणि दिवस दुप्पट झाले. मग रेघ तिप्पट अधिक दुप्पट अशी नव्हे, तर तीन गुणिले दोन, सहापट वर जाते. १५,००० लिटर! टाकीच मुळी ६,००० लिटरची. याचा अर्थ असा की, टाकी काठोकाठ भरलेली असतानाच पुढचे टँकर रस्त्याला लागलेले हवेत.

तेव्हा देशात ऑक्सिजनचे मोठे उत्पादन पूर्वेकडील पोलाद कारखान्यांत होत होते आणि टंचाई महाराष्ट्र, दिल्ली अशा ठिकाणी. १९ एप्रिल २०२१ रोजी नवी मुंबईतील कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवण्यात आले. घाटातील बोगदे आणि पुलांखालची उंची अपुरी म्हणून गाडीला वसईवरून वळसा घालावा लागला. भरलेले टँकर त्याच आठवड्यात नागपूर आणि नाशिकला पोहोचले.

त्याच आठवड्यात, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीपाशी गळती झाली. नळ्यांतील दाब उतरला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. येथे प्रश्न साठ्याचा नव्हता, साठ्यापासून खाटेपर्यंतच्या वाटेचा होता. म्हणूनच टाकीशिवाय सिलिंडरांची एक स्वतंत्र रांग जोडलेली असावी लागते, आणि मुख्य नळीतला दाब उतरताच ती चालू व्हावी लागते. त्या रांगेचेही 'शिल्लक तास' काढून ठेवावे लागतात.

एक उदाहरण सोडवून पाहा. लहान रुग्णालयात दहा मोठे सिलिंडर एकत्र जोडले आहेत, सर्वांचे काटे १२० वर आहेत. सहा रुग्ण मिनिटाला ५ लिटर आणि दोघे १० लिटर घेत आहेत. संध्याकाळचे ६ वाजले आहेत. नवे सिलिंडर यायला सहा तास लागतात, चार तासांचा साठा राखायचा आहे. उशिरात उशिरा किती वाजता फोन करावा? आता समजा, रात्री १० वाजता पाच लिटरवाल्यांपैकी दोघांची प्रकृती बिघडून त्यांना १५ लिटर लागू लागले. मग? पहिले उत्तर पहाटे २ वाजून ४० मिनिटे असे यायला हवे, आणि दुसरे रात्री १० वाजून २८ मिनिटे.