दुष्काळाने उठवलेलं गाव : इनामगाव आणि डॉ. ढवळीकर

पाऊस हटला की गाव सोडायचं, ही वेळ दख्खनच्या शेतकऱ्यावर तीन हजार वर्षांपूर्वीही आली होती. डॉ. म. के. ढवळीकर यांच्या संशोधनातून हे चित्र पुढे आलं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावचं उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. अन्सारी आणि ढवळीकर यांनी ते काम उभं केलं.

इथली पहिली वस्ती इ. स. पू. १६००च्या सुमाराची, माळवा संस्कृतीची. म्हणजे इंदूरजवळच्या महेश्वर-नावडाटोलीशी नातं सांगणारी. पुढे जोर्वे काळात लोकांनी पाण्यासाठी पाट खणला, सातू पिकवला, ऐसपैस चौकोनी घरं बांधली.

इ. स. पू. १०००नंतर मात्र चित्र पालटलं. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, शिकार वाढली. हवामान कोरडं झाल्याने हे घडलं, असा ढवळीकरांचा निष्कर्ष. इ. स. पू. ७००च्या सुमारास गाव ओस पडलं.

राजांच्या सनावळ्यांपलीकडचा हा इतिहास त्यांनी जळके दाणे, हाडं आणि घरांच्या जमिनी तपासून मांडला.