गहाण पडलेलं रिव्हॉल्व्हर

टेक्सासमधल्या पॉन शॉपच्या, म्हणजे गहाणाच्या दुकानाच्या, दर्शनी काचेमागे गिटार दिसते, ड्रिल मशीन दिसतं, घोड्याचं खोगीर दिसतं. पिस्तूल दिसत नाही. दुकानात ते नसतं असं नाही. रस्त्यावरून दिसेल अशा जागी पिस्तूल मांडायला राज्याच्या कायद्यानं पॉनब्रोकरला मनाई केली आहे. आत शिरून दागिन्यांच्या कपाटाला वळसा घातला की मात्र काचेखाली ओळीनं ती ठेवलेली असतात, प्रत्येकाच्या चापाच्या कडीला दोऱ्यानं बांधलेली किमतीची चिठ्ठी.

संपादकांना अमेरिकेतल्या बंदुकांवर लेख हवा होता. नव्या कोऱ्या बंदुकांच्या शोरूमवर पुष्कळांनी लिहिलंय, मला वापरलेल्या बघायच्या आहेत, असं मी कळवलं आणि फोर्ट वर्थ गाठलं. गाव मुद्दाम निवडलं. पॉन शॉपच्या धंद्यातली सर्वांत मोठी साखळी फर्स्टकॅश, तिचं मुख्यालय इथे. २०१६ मध्ये तिच्यात विलीन झालेली कॅश अमेरिकाही इथलीच. मी बसलो ते दुकान मात्र कुठल्याच साखळीतलं नव्हतं.

व्यवहार आपल्याला अनोळखी नाही. वस्तू ठेवायची, रोख घ्यायची, पावती सांभाळायची. टेक्सासात मुदत साधारण महिन्याची, वर तीस दिवसांची सवलत. लहान कर्जावर महिन्याला २० टक्क्यांपर्यंत आकार घ्यायला कायदा परवानगी देतो. म्हणजे १०० डॉलर उचलले तर महिन्यानं १२० द्यायचे, दुसरा महिना सरता सरता १४०. दिले नाहीत तर गहाण बुडालं, वस्तू दुकानाची. पण गोष्ट तिथेच संपते. वसुलीला माणूस येत नाही, कोर्टाची नोटीस येत नाही. बँक ज्यांना दारात उभं करत नाही त्यांना यातली मोकळीक व्याजापेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे अडीनडीला सोनं बाहेर निघतं, इथे बंदूक निघते. सावकाराच्या नजरेनं पाहिलं तर माल उत्तम. टीव्ही दोन-चार वर्षांत कवडीमोल होतो. चांगल्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर पन्नास वर्षांनीही विकलं जातं. ते खणात मावतं. कंपनी आणि मॉडेल पाहिलं की बाजारभाव कळतो, आणि अंगावर क्रमांक कोरलेला असतो, कारण १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टनं तो सक्तीचा केला. बंदुकांच्या धंद्याचे केंद्राचे परवाने त्याच कायद्यानं कडक केले, आणि परवान्यांमध्ये पॉनब्रोकरांचा वर्ग वेगळा ठेवला.

काउंटरमागच्या गृहस्थांनी नाव छापू नका असं सांगितलं, म्हणून मी त्यांना मिस्त्री म्हणतो. वय साठीच्या पुढचं, पूर्वीची नोकरी हेलिकॉप्टरच्या कारखान्यात, लेथवर. दुकानात गहाणाला किंवा विकायला आलेलं प्रत्येक हत्यार त्यांच्या हाताखालून जातं. मला दाखवायला त्यांनी काढलं ते स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १०, सहा गोळ्यांचं, चार इंची नळीचं. या मॉडेलच्या घराण्याची सुरुवात १८९९ ची. अमेरिकेतल्या पोलिसांच्या कमरेला हे रिव्हॉल्व्हर कित्येक दशकं होतं आणि साठ लाखांहून अधिक नग बनले असं सांगतात. पॉन शॉपमध्ये ते सापडावं यात नवल नाही.

मिस्त्रींनी आधी सिलिंडर बाजूला काढला, सहाही घरांत बोट फिरवलं, मग मला फिरवायला लावलं. रिकामं आहे याची खात्री दोघांनी करायची, हा त्यांचा नियम. नळीचं टोक आणि सिलिंडरच्या कडा घासून पांढऱ्या पडल्या होत्या, बाकीचा निळसर काळा मुलामा शाबूत होता. "हे चामड्यानं घासलेलं," ते म्हणाले. "पोलिसांचं हत्यार रोज म्यानातून आत-बाहेर होतं, चालवलं फार कमी जातं. बाहेरून म्हातारं, आतून तरुण." मग बाजूच्या पत्र्याचे स्क्रू दाखवले. त्यांच्या खाचा सरळ होत्या. खाच चावल्यासारखी दिसली की समजायचं, कुणी तरी घरच्या स्क्रूड्रायव्हरनं आत हात घातलाय. तो नग ते भावात पाडून घेतात.

पुढचा भाग पाहायला मी कितीही वेळ उभा राहिलो असतो. रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला, किंवा अंगठ्यानं घोडा मागे घेतला, की आतली एक छोटी पट्टी वर सरकते आणि सिलिंडरच्या पाठीवरच्या दात्याला रेटते. सिलिंडर एक घर पुढे फिरतो. त्याच वेळी चौकटीच्या तळातून एक खुंटी वर येते आणि सिलिंडरवरच्या खाचेत बसते. खुंटी बसली की ते घर आणि नळी एका रेषेत आली. घोडा पडायचा तो त्यानंतरच. पट्टी झिजली, दाता झिजला, तर खुंटी खाचेत बसायच्या आत घोडा मोकळा होऊ शकतो. मग गोळी नळीच्या तोंडावर घासते आणि शिशाच्या चिपा बाजूला उडतात, शेजारी उभ्या असलेल्याच्या गालावरसुद्धा.

हे तपासायला मिस्त्री डाव्या हाताच्या बोटानं सिलिंडरला हलकासा अडथळा करतात आणि उजव्या अंगठ्यानं घोडा अगदी सावकाश मागे घेतात. खुंटीचा 'टिक' आधी ऐकू आला पाहिजे, घोडा अडकल्याचा त्यानंतर. एका घराची परीक्षा पुरत नाही. सहा घरांचे दाते सहा, आणि झीज प्रत्येकाची निराळी. या नगातली पाच घरं चोख निघाली. सहाव्याला दोन्ही आवाज जवळजवळ एकदम आले. मला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी पुन्हा करून दाखवलं, मग कळलं. चिठ्ठीवरची किंमत तिथेच खाली आली.

शेवटी खिशातून फीलर गेज निघालं, कारखान्यातल्या दिवसांचं, पात्यांवरचे आकडे पुसट झालेलं. सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट चार ते दहा थाऊ असावी, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. सहाची पाती गेली, सातची अडली. मिस्त्री खूश झाले. मी सिनेमात पाहिल्याप्रमाणे मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करणार इतक्यात त्यांनी माझा हात धरला. त्या झटक्यानं सिलिंडर पेलणारा दांडा वाकतो. त्यांच्या मते जुनी रिव्हॉल्व्हरं गोळीबारापेक्षा हॉलिवूडनं जास्त खराब केली आहेत.

पलीकडच्या रांगेतली ग्लॉक पिस्तुलं त्यांनी झटपट दाखवली, पोलिसांनी मोडीत काढलेली. १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर जास्त ताकदीच्या काडतुसाचा शोध सुरू झाला आणि १९९० मध्ये पॉइंट फोर्टी आलं. देशभरच्या पोलिसांनी ते घेतलं. पुढे एफबीआय पुन्हा नऊ मिलिमीटरकडे वळली, पोलीस मागोमाग वळले, आणि त्यांनी मोडीत दिलेली पिस्तुलं स्वस्तात बाजारात आली. त्यांच्या नेमावर अंधारात चमकणारे ट्रिटियमचे ठिपके असतात. ट्रिटियमचं तेज बारा वर्षांत निम्म्यावर येतं. मिस्त्री पिस्तूल ओंजळीच्या अंधारात धरतात, ठिपका किती मंद झालाय ते बघतात आणि वय सांगतात.

हत्याराची परीक्षा अशी. घेणाऱ्याची परीक्षा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, फॉर्म ४४७३ वर होते. नाव, पत्ता, फोटो असलेलं ओळखपत्र, मग हो-नाही उत्तरांचे प्रश्न: गुन्हा सिद्ध झालाय का, घरगुती हिंसाचाराची शिक्षा आहे का, अमली पदार्थ घेता का, हे हत्यार खरोखर स्वतःसाठीच घेताय का. दुकानातून पिस्तूल घ्यायला वय २१ लागतं. ग्रीन कार्डवाल्याला ते घेता येतं. आयर्विंग-फ्रिस्कोत एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या मराठी इंजिनिअरला सहसा येत नाही. त्यालाही एक पळवाट आहे, शिकारीचा वैध परवाना. भारतात शस्त्रपरवान्यासाठी पोलीस चौकशीत महिनोन्महिने घालवलेल्या माणसाला हे वाचून हसावं की रडावं कळणार नाही.

फॉर्म भरला की एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडे विचारणा जाते. १९९८ पासून हे असंच चालतं. उत्तर तीनपैकी एक: द्या, थांबा, देऊ नका. बहुतेक वेळा ते काही मिनिटांत येतं. ज्यांना 'द्या' म्हटलं त्यांची नोंद एफबीआय चोवीस तासांच्या आत नष्ट करते. तसा कायदाच आहे. कागद उरतो तो दुकानदाराकडे.

पॉन शॉपपुरता एक नियम मला विशेष वाटला. स्वतःचंच पिस्तूल गहाण ठेवलं असेल, तरी सोडवताना हाच फॉर्म पुन्हा भरावा लागतो आणि हीच विचारणा पुन्हा होते. मधल्या दोन महिन्यांत बायकोला मारहाण केल्याची शिक्षा झाली, तर मुद्दल-व्याज मोजून ठेवलं तरी हत्यार हाती पडत नाही. मिस्त्रींनी असे प्रसंग पाहिले आहेत. "माणूस पावती नाचवतो, माझंच आहे म्हणतो. आहेच त्याचं. पण मी देऊ शकत नाही."

नियम कडक वाटतात, पण जोड नीट बसलेले नाहीत. 'थांबा' असं उत्तर आलं आणि कामाचे तीन दिवस उलटूनही निर्णय कळला नाही, तर दुकानदाराला विक्री करायची मुभा आहे. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांचे जीव घेणाऱ्यानं पिस्तूल याच फटीतून मिळवलं होतं. त्याची अमली पदार्थांची नोंद शोधताना अधिकारी चुकीच्या कचेरीत विचारत राहिले आणि तीन दिवस सरले.

दुसरी अडचण खास जुन्या मालाची. गुन्ह्याच्या जागी बंदूक सापडली की पोलीस वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला क्रमांक कळवतात. तिथलं बंदुकांचा माग काढणारं केंद्र कारखान्याला विचारतं, कारखाना घाऊक व्यापाऱ्याचं नाव सांगतो, व्यापारी दुकानाचं, दुकान पहिल्या गिऱ्हाईकाचं. साखळी सहसा इथेच तुटते. बंदूकमालकांची देशव्यापी यादी करायला १९८६ च्या कायद्यानं बंदी आहे. बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या या केंद्राकडे जमा होतात, त्यांच्या प्रतिमा काढल्या जातात, पण मालकाच्या नावावरून त्यांत शोध घेता येत नाही. मिस्त्रींच्या हातातलं मॉडेल १० पहिल्यांदा कुणाला विकलं गेलं हे कदाचित कळेल. त्यानंतर ते किती हातांतून गेलं हे कळायला ज्या त्या दुकानाची वही उघडावी लागेल, आणि त्यासाठी ते दुकान कोणतं हे आधी ठाऊक असावं लागेल.

शिवाय काही व्यवहार कुठल्याच वहीत येत नाहीत. टेक्सासात धंदा न करणाऱ्या एका माणसानं दुसऱ्याला आपलं पिस्तूल विकलं, तर फॉर्म नाही, विचारणा नाही. ज्या हत्याराच्या सोडवणुकीला दुकानात एवढा सोपस्कार होतो, तेच बाहेर पार्किंगमध्ये रोख देऊन-घेऊन हातबदल होऊ शकतं.

मला सर्वांत जास्त खटकली ती गोष्ट मात्र गुन्ह्याची नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये बंदुकीनं सुमारे ४८,००० माणसं गेली. त्यांतल्या सुमारे २७,००० आत्महत्या होत्या. एफबीआयची यंत्रणा गुन्हे पाहते, कोर्टाचे निकाल पाहते. गेल्या आठवड्यात नोकरी गेली, घर मोडलं, झोप लागत नाही, हे तिच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. १९९४ ते १९९८ या काळात केंद्राच्या कायद्यात पिस्तूल खरेदीला पाच दिवसांची थांबणूक होती. मिनिटांत उत्तर देणारी यंत्रणा आली आणि ही थांबणूक गेली. टेक्सासनं स्वतःची अशी थांबणूक ठेवलेली नाही.

२००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एकाच दुकानातून आठवडाभराच्या आत तीन जणांनी बंदुका घेतल्या आणि तिघांनीही काही तासांत जीव दिला. तिघं एकमेकांना ओळखत नव्हते. त्यानंतर तिथले दुकानदार आणि सार्वजनिक आरोग्याचे कार्यकर्ते एकत्र बसले आणि गिऱ्हाईकात काय पाहावं याच्या सूचना त्यांनी तयार केल्या. इतर राज्यांनीही त्या उचलल्या. त्यांचा मुख्य आधार हा की कायद्यानं पात्र ठरलेल्या माणसालाही दुकानदार विक्री नाकारू शकतो.

मिस्त्री त्या सूचना वाचायच्या आधीपासून नाकारत आले आहेत. जो सिलिंडर बघत नाही, भाव करत नाही, कुठलंही एक द्या आणि सोबत थोड्या गोळ्या द्या म्हणतो, त्याला ते दुसऱ्या दिवशी यायला सांगतात. मालकाला हे नेहमीच रुचतं असं नाही. नाकारलेला माणूस पुढच्या चौकातल्या दुकानात जाऊ शकतो, हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते त्यांनाही ठाऊक आहे. पण जीव द्यायची ऊर्मी बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळी साधन हाताशी नसलं तर माणूस तगतो, पुढेही बहुधा तगूनच राहतो, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. कायद्यानं काढून घेतलेल्या पाच दिवसांपैकी एक दिवस मिस्त्री स्वतःच्या विक्रीवर पाणी सोडून परत देतात. एवढंच त्यांच्या हातात आहे, आणि ते कुठल्या फॉर्मवर लिहिलेलं नाही.