मेम्फिस, व्हाया देवळाली

एल्विस प्रेस्ली म्हटलं की कंबर हलवणारा, पोरींना वेड लावणारा रॉक अँड रोलचा राजा आठवतो. या राजाला ग्रॅमीच्या स्पर्धेत तीनच पुरस्कार मिळाले आणि तिन्ही भक्तिगीतांसाठी! रॉक अँड रोलसाठी एकही नाही. त्यातला पहिला १९६७ सालच्या 'हाऊ ग्रेट दाऊ आर्ट' या अल्बमचा. आमच्या धनज गावात रात्री देवळातला भोंगा बंद झाला की मी तो हेडफोन लावून ऐकतो.

पहिलंच गाणं शीर्षकगीत. एल्विस अगदी खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा सुरू करतो. मागे जॉर्डनेअर्स आणि इम्पीरियल्स अशा दोन चौकड्यांचे आवाज, त्यात बायकांचेही मिसळलेले. हळूहळू सगळे चढत जातात आणि शेवटी त्याचा आवाज असा वर फेकला जातो की छातीत धडकी भरते. दुसऱ्या बाजूचं 'सो हाय' किंवा 'रन ऑन' लावा. बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती झेलावी, तसाच मामला. इथे आपल्या माणसाला इंग्रजी कळलं नाही तरी अडत नाही.

एल्विसला हे नवं नव्हतं. तो लहानपणापासून टुपेलोच्या चर्चमध्ये ही गाणी ऐकत वाढला. जानेवारी १९५७मध्ये टीव्हीवरच्या एड सलिव्हन शोमध्ये कॅमेऱ्याने त्याला कमरेच्या वरच दाखवलं, आणि त्याच कार्यक्रमात तो 'पीस इन द व्हॅली' हे भजन गायला. ते लिहिणारे थॉमस डॉर्सी तरुणपणी चावट ब्लूज वाजवायचे. पुढे त्यांनाच गॉस्पेलचे, म्हणजे या चर्चच्या भक्तिसंगीताचे, जनक म्हणू लागले. सिनेमाच्या चालीवर भजन बसवलं म्हणून नाकं मुरडणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

पण खरी गंमत शीर्षकगीताच्या प्रवासात आहे. मूळ कविता स्वीडनची. १८८५ साली कार्ल बोबर्ग यांनी वादळ शमल्यानंतरची शांतता पाहून ती लिहिली. तिचं जर्मन झालं, जर्मनचं रशियन झालं. स्टुअर्ट हाइन हे इंग्रज मिशनरी युक्रेनमध्ये होते, त्यांनी ती रशियनमधून ऐकली आणि इंग्रजीत आणली. १९४९मध्ये ती त्यांच्या मासिकात छापून आली आणि मिशनऱ्यांच्या सोबतीने देशोदेशी पांगली.

अमेरिकेत कशी पोचली? बाप्पा, आपल्या नाशिक जिल्ह्यातून! मुर्तिजापूरला बसून मुंबईकडे निघालो की नाशिक रोडनंतर देवळाली लागते. तोफखान्याच्या छावणीचं हे गाव. त्या परिसरात जे. एडविन ऑर या धर्मप्रचारकांनी नागा गायकांच्या वृंदाकडून हे गीत ऐकलं. स्वरांची मांडणी त्या गायकांनी स्वतःच केली होती, मेनोनाइट पंथाच्या एका मिशनऱ्याने ती फक्त कागदावर उतरवली होती. ऑर भारावले. १९५४च्या उन्हाळ्यात त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फॉरेस्ट होम शिबिरात ते गाऊन घेतलं. तिथून ते टिम स्पेन्सर यांच्या कानावर गेलं. हे गृहस्थ एकेकाळी काउबॉय गाण्यांच्या गाजलेल्या चमूतले, पुढे भक्तिसंगीताचे प्रकाशक झालेले. १९५७मध्ये धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या न्यूयॉर्कच्या सभांमध्ये जॉर्ज बेव्हर्ली शे यांनी ते रात्रीमागून रात्री गायलं आणि अमेरिकेला पाठ झालं.

मे १९६६मध्ये एल्विस नॅशव्हिलच्या स्टुडिओत उभा राहिला, तेव्हा गाणं स्वीडन, युक्रेन आणि देवळाली पालथं घालून आलं होतं. त्याने ते पुढेही सोडलं नाही. मार्च १९७४मध्ये मेम्फिसला, आपल्या गावी, मैफलीत पुन्हा गायला. त्या ध्वनिमुद्रणाला तिसरा ग्रॅमी मिळाला. दोन्ही एकापाठोपाठ ऐका. स्टुडिओतला एल्विस आवाज जपून, पायरी पायरीने वर नेतो. मेम्फिसचा एल्विस काहीच राखून ठेवत नाही, आणि मला तोच जास्त आवडतो.