परग्रहवासीयांचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. विज्ञानकथांच्या रसिकांना मात्र हा उपदेश कधीच मानवला नाही. ते थेट परग्रहवासीयांचीच वंशावळ मांडून बसतात!

‘स्टार ट्रेक’ या १९६६ साली सुरू झालेल्या अमेरिकन दूरचित्रमालिकेत क्लिंगॉन नावाची एक लढवय्यी जमात आहे. आरंभी या वीरांची कपाळे तुमच्याआमच्यासारखी सपाट होती. १९७९ साली चित्रपट निघाला आणि पाहतात तो काय, त्याच कपाळांवर हाडांचे उंचवटे! खरे कारण साधे होते. मालिकेच्या वेळी रंगभूषेला पैसा नव्हता, चित्रपटाला तो मिळाला. पण एवढ्यावर रसिकांचे समाधान होईना. कोणी म्हणाले, या दोन निराळ्या जाती. कोणी म्हणाले, सपाट कपाळवाल्यांत माणसाचा अंश असला पाहिजे. पुराणिकबुवांपुढे शंका काढणारे श्रोते आपल्या परिचयाचे आहेत. येथे श्रोतेच बुवा झाले! अखेर २००५ साली मालिकेच्या लेखकांनीच निवाडा दिला : क्लिंगॉनांनी मानवी जनुकांचा प्रयोग स्वतःवर केला, त्यातून साथ उद्भवली आणि कपाळे सपाट झाली.

पण मग सगळ्याच परग्रहवासीयांना दोन हात नि मधोमध नाक का? १९९३ सालच्या एका भागात उत्तर आहे : एका अतिप्राचीन जमातीने अनेक ग्रहांच्या सागरांत आपले बीज पेरले होते. ही कल्पना अगदीच हवेतली नव्हे. पृथ्वीवर कोणी मुद्दाम सूक्ष्मजीव धाडले असतील काय, हा प्रश्न क्रिक आणि ऑर्गेल या शास्त्रज्ञांनी १९७३ साली गंभीरपणे मांडला होता. मात्र बीज एक म्हणून चेहरा एक होत नाही. आपला आणि आठ भुजांच्या ऑक्टोपसचा पूर्वज एकच! घोडा नि गाढव तर जवळचे सोयरे. तरी त्यांचे खेचर बहुधा वांझच निघते. मग दोन ग्रहांच्या सोयरिकीतून स्पॉकसारखा पुत्र व्हावा कसा?

शास्त्राने नापास केलेल्या या कथेत मर्म मात्र खरे आहे. त्या भागात एकमेकांचे वैरी मोठ्या घबाडाच्या आशेने धावत येतात आणि हाती लागतो तो एवढाच निरोप, की तुम्ही सारे एका कुळातले. तो ऐकून बहुतेकांचा संतापच होतो! ज्या भाषेत नात्यातल्या भांडणाला ‘भाऊबंदकी’ म्हणतात, त्या भाषेच्या वाचकांना याचे नवल ते काय वाटावे?