गरिबीच्या व्रताची कमाई
मध्ययुगीन युरोप : लेखांक 7

मागच्या लेखात आपण दशमांश पाहिला : शेतकऱ्याच्या धान्यातला, कोकरांतला दहावा वाटा चर्चला. 1098 मध्ये बर्गंडीतल्या सितो इथे काही संन्यासी आपला जुना मठ सोडून आले, ते अशा आयत्या उत्पन्नाला विटूनच. पुढे त्यांच्या पंथाने नियम केला : दशमांश नको, खंड नको, वेठीची कुळं नकोत. संन्याशांसाठी संत बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे स्वतः राबायचं आणि खायचं. अंगावर बिनरंगी लोकरीचा झगा. या सिस्टर्शियन पंथाला पुढे श्रीमंत केलं ते याच नकारांनी.

वस्तीपासून दूर राहायचं म्हणून त्यांना पडीक जमिनी चालत, आणि सरदारांनाही अशा जमिनी दान करणं जड जात नसे. 1132 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये रिव्हो आणि फाउंटन्स हे मठ उभे राहिले. भोवती माळरान आणि टेकड्या. मेंढ्यांना याहून चांगलं काय हवं? जमीन खंडाने लावायची नाही म्हटल्यावर ती स्वतः कसणं आलं. पण दिवसाच्या सात आणि रात्रीची एक प्रार्थना सांभाळून लांबच्या शेतांवर जाणार कोण? त्यासाठी श्रमबंधू आले. हे बहुतेक निरक्षर शेतकरी. त्यांनीही व्रत घेतलेलं, पण त्यांना पूर्ण संन्यासी कधीच होता येत नसे. चर्चमध्ये त्यांची जागा पडद्याच्या अलीकडे. फाउंटन्समध्ये त्यांच्या राहण्याची इमारत आजही उभी आहे, सुमारे 90 मीटर लांब. तिच्या तळमजल्याच्या कमानींखाली उभं राहिलं की मठ कुणाच्या खांद्यावर उभा होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

मजुरी नाही, बायकापोरांचा खर्च नाही, वारसांत वाटणी नाही. उरेल ते पुन्हा जमिनीत. फ्लँडर्स आणि इटलीच्या विणकरांना इंग्लिश लोकर हवीच होती. एक पोतं 364 पौंडांचं. ते भरायला दोनशेहून अधिक मेंढ्यांची लोकर लागे. कैदेत पडलेल्या इंग्लंडच्या राजा रिचर्डच्या सुटकेसाठी 1193 मध्ये खंडणी जमवायची वेळ आली, तेव्हा सिस्टर्शियनांकडून थेट लोकरच घेण्यात आली.

चर्चने व्याज पाप ठरवलं होतं. 1179 च्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्ती दफनही नाकारलं. मठांना मात्र बांधकामासाठी रोकड हवी असे. इटालियन व्यापारी पुढच्या कित्येक वर्षांची लोकर आजच, कमी भावात उचलत. कागदावर ती खरेदी. व्याज भावातच मुरलेलं. पंथाच्या महासभेने असे लांब मुदतीचे सौदे रोखायचा प्रयत्न केला, पण मठाधिपती सह्या करत राहिले. 13व्या शतकाच्या उत्तरार्धात मेंढ्यांत खरजेची साथ पसरली. कबूल केलेली लोकर अंगावरच नाही, आणि फाउंटन्ससारखा मठ कर्जात बुडाला.

या हिशेबात मला सर्वांत जास्त खुपतात ती उठवलेली गावं. एकांत हवा म्हणून, किंवा मठाच्या शेतवाड्यांना सलग जमीन हवी म्हणून, काही ठिकाणी नांदत्या वस्त्या हलवल्या गेल्या. संन्याशांच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण त्या भक्तीची किंमत मोजणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

श्रमबंधूंची संख्या 13व्या शतकातच घटू लागली होती. 1348 च्या प्लेगच्या महामारीनंतर मजूर महागले, आणि मठ आपल्या जमिनी सर्रास खंडाने लावू लागले. त्या महामारीने गावातल्या कुळाचं आणि जमीनदाराचं नातं कसं बदललं, ते पुढच्या लेखात.