कोंबड्यांचे खुराडे

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात घरोघरी सांदवाडीत कोंबड्या असतात. सांजेला त्या डालग्याखाली झाकतात, वर दगड ठेवतात. सकाळी पाहावं तर डालगे कलंडलेले आणि नुसती पिसं! मग आपण शेजाऱ्याच्या मांजराला शिव्या देतो.

आधी चोर ओळखावा. मुंगूस माती उकरून शिरतो. रानमांजर फटीतून पंजा घालते. सापाला अंडी व पिल्ले हवीत. म्हणून खुराडे कमरेइतक्या उंच खांबांवर बांधावे. खांबांना गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, म्हणजे चढता येत नाही. फटींना आणि तळालाही बारीक जाळी ठोकावी. बोट जाईल एवढंही भोक नको. दाराला दोरी नको, कडी हवी. अंडी सांजेलाच उचलावी.

काही जण कुंपणात विजेची तार सोडतात. हे आम्हाला मुळीच पसंत नाही. त्या तारेला घरचाच माणूस चिकटतो. शिवाय १९७२ च्या कायद्याने बिबट्या, रानमांजर मारणे गुन्हा आहे.

बिबट्या कोंबडीसाठी येतो, पण अंगणात पोर निजलेलं असतं! उन्हाळा असला तरी मुलांना घरातच निजवावे. मेलेली कोंबडी खोल पुरावी. रात्री कोंबड्या ओरडल्या तर अंधारात एकट्याने धावू नये. दारातूनच विजेरी मारावी, शेजाऱ्यांना हाका द्याव्या. सकाळी वनरक्षकाला कळवावे.